लाकूड, पोलाद, ॲल्युमिनियम, कार्बन: जुन्या बॅडमिंटन रॅकेट जमवायच्या कशा

आत्याच्या घराची आवराआवर चालली होती. माळ्यावरून दोन रॅकेट खाली आल्या. एक लाकडी चापात आवळलेली, चापाच्या चारी कोपऱ्यांना फुलपाखरासारखे नट. दुसरी तशीच मोकळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दोन्ही एकाच दुकानातल्या, एकाच वर्षी घेतलेल्या. "नेतोस का? नाहीतर भंगारात जातील," आत्या म्हणाली. नट सैल करून पहिली बाहेर काढली, मूठ टेबलाच्या कडेबाहेर ठेवून डोकं टेबलावर टेकवलं, तर सगळीकडून सपाट बसलं. दुसरीचं डोकं पळीसारखं वाकलेलं होतं. दोघींनी पुण्याचे तितकेच उन्हाळे-पावसाळे काढले होते, फरक फक्त त्या चापाचा.

माझा संग्रह या दोन रॅकेटपासून सुरू झाला. पुढे जे कळत गेलं त्याचं सार त्या दिवशी टेबलावरच होतं: रॅकेट कशाची आहे आणि कुठल्या काळातली आहे हे तिच्या बिघडण्यावरून ओळखता येतं. लाकूड पिळतं. पोलाद गंजतं. ॲल्युमिनियम वाकलं की वाकलेलंच राहतं. कार्बन वाकत नाही, त्याला तडा जातो. एवढं डोक्यात पक्कं असेल तर बाजारात सहसा फसगत होत नाही आणि घरी आणलेली वस्तू आपल्या हातून खराबही होत नाही.

आधी ठरवा: काय जमवायचं?

दिसेल ती रॅकेट घेत गेलात तर वर्षभरात घरात पन्नास रॅकेट होतील आणि त्यातल्या चाळीस एकसारख्या निघतील. त्यापेक्षा साहित्याची एक साखळी ठरवा. माझ्या मते सुरुवातीला सहा रॅकेट पुरेत: पूर्ण लाकडी, लाकडी डोकं आणि पोलादी दांडी, पूर्ण पोलादी, ॲल्युमिनियम डोक्याची, जुन्या गोल डोक्याची कार्बनची, आणि नव्या चौकोनी वळणाच्या डोक्याची कार्बनची. या सहा ओळीने भिंतीवर लावल्या की साठ-सत्तर वर्षांचा खेळ डोळ्यांसमोर उभा राहतो.

मोठ्या खेळाडूची सही असलेली किंवा त्याने वापरलेली रॅकेट मिळवण्याच्या मागे सुरुवातीला लागू नका. तशा दाव्यांचा पुरावा क्वचितच मिळतो. साहित्याचा पुरावा मात्र रॅकेट स्वतःच देते.

पिशवीत काय ठेवायचं

लहान लोहचुंबक, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा (कमीत कमी २०० ग्रॅमपर्यंतचा), मोजपट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, बारीक टॉर्च आणि दोन हात लांब दोरा. दोरा कशाला? डोक्याच्या टोकापासून मुठीच्या तळापर्यंत तो ताणून धरला की दांडी कुठल्या बाजूला गेली आहे ते लगेच दिसतं. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, आणि विकणारा समोर उभा असला की तर नाहीच.

लाकूड

इथे जरा रेंगाळू या. सगळ्यात जास्त शिकण्यासारखं इथेच आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

इंग्लंडमध्ये रॅकेटसाठी मुख्यतः ॲश नावाच्या झाडाचं लाकूड वापरत. त्याचे तंतू लांब आणि सरळ असतात, वाफ दिली की ते वळतं आणि धक्काही चांगला सोसतं. आपल्याकडे आणि सियालकोटकडे (आता पाकिस्तानात) तुतीचं लाकूडही वापरलं जाई. हॉकीच्या काठ्या ज्या तुतीच्या, तीच ही. जुन्या पद्धतीत लाकडाची एकच लांब पट्टी वाफवून गोल वळवत. तिची दोन टोकं गळ्याशी जवळ येऊन दांडीत उतरत आणि मधल्या त्रिकोणी जागेत वेगळ्या लाकडाची पाचर बसवत. पुढे एका जाड पट्टीऐवजी पातळ पट्ट्यांचे थर सरसाने चिकटवू लागले. पिळाला थरांची चौकट जास्त दाद देत नाही.

भिंग घेऊन चौकटीची बाहेरची कड पाहा. लाकडाच्या रेषा अखंड धावत असतील तर ती एका पट्टीची. गडद-फिकट बारीक रेघा एकमेकींना समांतर जात असतील तर ती थरांची. थर मोजा. मग पाचर पाहा. पाचर आणि चौकट यांच्या सांध्यात नख शिरत असेल तर सरस सुटायला लागला आहे. खांद्याशी दोऱ्याची घट्ट गुंडाळी असते ती तिथे चौकट फाकू नये म्हणून, नुसती शोभेसाठी नव्हे. ती मूळची असेल तर रॅकेटची किंमत माझ्या लेखी दुप्पट. काही जुन्या रॅकेटना गळ्याशी आणि टोकाशी बारीक रंगीत दोऱ्याचं जादा विणकाम दिसतं. ते तुटकं असलं तरी काढू नका.

नंदू नाटेकर मूळचे सांगलीचे. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकून ते परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. तो काळ लाकडी चौकटीचा. त्याआधी १९४० च्या दशकात देवधर भगिनींनी, म्हणजे क्रिकेटपटू दि. ब. देवधरांच्या मुलींनी, राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या त्याही लाकडावरच. अशी रॅकेट काट्यावर ठेवा: साधारण पाच औंस, म्हणजे १४० ग्रॅमच्या आसपास भरते. आजची ८० ते ९० ग्रॅमची असते. मनगटाच्या झटक्याने मारायचे फटके त्या वजनावर मारून पाहिल्याशिवाय त्या पिढीच्या खेळाची खरी कल्पना येत नाही.

मजा अशी की घनता पाहिली तर या सगळ्या साहित्यांत लाकूडच हलकं. पण ते कमजोर असल्याने चौकट भरीव आणि जाड ठेवावी लागते, म्हणून रॅकेट जड होते.

दांडीला चुंबक लावायला विसरू नका. लाकडी डोक्याखाली रंगवलेली पोलादी दांडी असणं अगदी सर्रास आहे. पूर्ण लाकडी रॅकेटनंतरचा हा टप्पा. यात दुखणं असतं ते सांध्यात: मूठ एका हातात आणि डोकं दुसऱ्या हातात धरून हलकेच पिळा. टिक असा आवाज आला किंवा डोकं जरासं फिरलं तर सांधा ढिला आहे. शोभेसाठी चालेल, पण पैसे त्या हिशेबाने द्या.

पोलाद आणि ॲल्युमिनियम

पोलादी नळीची चौकट म्हटलं की इंग्लंडच्या कार्ल्टन कंपनीचं नाव येतंच. तिच्या ३.७ एक्स या प्रसिद्ध रॅकेटमधला ३.७ हा आकडा औंसांतल्या वजनाचा. ग्रॅममध्ये मांडलं तर सुमारे १०५. लाकडापेक्षा तब्बल ३५ ग्रॅम कमी! शिवाय चौकट बारीक, म्हणून हवेला अडथळाही कमी. पोलादाची घनता (पाण्याची १ धरली तर) ७.८ च्या आसपास, तरी रॅकेट हलकी, कारण नळी पोकळ आणि तिची भिंत पातळ.

पोलादाला चुंबक चिकटतो, त्यामुळे ओळखायला अडचण नाही. गंज शोधायचा तो गटिंगच्या, म्हणजे जाळीच्या तारा ओवायच्या, भोकांत. तिथे टॉर्च मारा. वरून क्रोम चकचकीत दिसतं आणि भोकांच्या कडा तपकिरी असतात. प्लास्टिकच्या बारीक टोप्या गळून गेल्या असतील तर उघड्या कडांनी गट कापला जातो. मग मूठ नाकाजवळ न्या. ओलसर, आंबूस लोखंडी वास आला तर ग्रिपखाली घामाने गंज धरला आहे.

ॲल्युमिनियमकडे चुंबक ढुंकूनही पाहत नाही. जपानच्या योनेक्सने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ॲल्युमिनियमची बॅडमिंटन रॅकेट आणली. ही कंपनी मिनोरू योनेयामा यांनी १९४६ मध्ये निइगाता प्रांतात सुरू केली ती मासेमारीच्या जाळ्यांचे लाकडी तरंगते गोळे करण्यासाठी. पुढे प्लास्टिकचे गोळे आले, तो धंदा बसला आणि लाकूडकामाचा हात रॅकेटकडे वळला. कंपनीचं नाव योनेक्स झालं १९७४ मध्ये, त्यामुळे जुन्या मालावर योनेयामा असं पूर्ण नाव दिसलं तर तो सहसा आधीचा.

ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. पण ताठपणाही तितकाच कमी, म्हणून चौकटीची पट्टी जाड किंवा खोबणीदार करावी लागते. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या अंगणात, शाळांत, उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या रॅकेट फिरल्या त्यात ॲल्युमिनियम डोकं आणि पोलादी दांडीच्या पुष्कळ होत्या. डोकं आणि दांडी जोडणारा इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा बाहेरून स्पष्ट दिसतो. जमिनीवर आपटून डोक्याचं टोक चपटं झालेलं असतं. ते हाताने सरळ करायला जाऊ नका. एकदा वाकलेलं ॲल्युमिनियम परत वाकवलं की तिथेच तुटतं.

कार्बन

१९७८ मध्ये योनेक्सची कार्बनेक्स ८ आली. प्रकाश पदुकोण यांनी १९८० मध्ये इंडोनेशियाच्या लिम स्वी किंग यांना हरवून ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली तोवर मोठ्या खेळाडूंच्या जगात कार्बन शिरला होता. नाटेकरांच्या विजयापासून मोजली तर मध्ये फक्त २४ वर्षं. तेवढ्यात लाकूड गेलं, पोलाद आलं, ॲल्युमिनियम आलं आणि कार्बनही दारात उभा राहिला. एवढी उलथापालथ या खेळाच्या साधनांत एका पिढीत झाली, म्हणून मला हाच काळ जमवायला आवडतो.

कार्बन तंतू आणि रेझिन मिळून घनता १.६ च्या आसपास, आणि ताठपणा भरपूर. सगळी चौकट साच्यात एकसंध घडवता येते, बाहेर टी दिसत नाही. १९९२ मध्ये योनेक्सने आयसोमेट्रिक डोकं आणलं: गोलाऐवजी वरच्या बाजूला चौकोनी वळण, त्यामुळे फूल जरा बाजूला लागलं तरी फटका वाया जात नाही. जुन्या गोल, अंडाकृती डोक्याची कार्बनची रॅकेट हाती आली तर तिच्याकडे जास्त आस्थेने पाहा. ती पद्धत मागे पडली.

इथे फसवणूक होते ती शब्दांची. 'कार्बन' किंवा 'ग्राफाइट' असं ठळक छापलेलं असतं, पण ते फक्त दांडीबद्दल असतं आणि डोकं ॲल्युमिनियमचं निघतं. चुंबक दोघांनाही चिकटत नाही. मग बोट लावा: धातू गार लागतो, कार्बन तेवढा नाही. नखाने टिचकी मारा: धातू झणझणतो, कार्बनचा आवाज बसका. रंग उडालेल्या जागी भिंग धरा: खाली चांदीसारखं चमकलं तर ॲल्युमिनियम, काळं दिसलं तर कार्बन.

तडा शोधायचा तर टॉर्च तिरकी धरून चौकटीभोवती फिरवा. साधा ओरखडा कसाही जातो. रंगातली बारीक रेघ आडवी, चौकटीला वळसा घालून जात असेल तर ती तडा. गटिंग करताना अशी चौकट मोडते, म्हणून तडा गेलेल्या रॅकेटला पुन्हा गट लावायचा नाही.

वय कसं काढायचं

साहित्यावरून दशक कळतं. त्याहून बारीक अंदाज हवा तर दुकानाचं लेबल, कव्हर आणि किमतीची चिठ्ठी वाचा. भारतात ही मोठी सोय आहे.

किंमत रुपये-आण्यांत असेल तर माल १९५७ च्या आधीचा धरायला हरकत नाही, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. 'नये पैसे' लिहिलं असेल तर त्यानंतरची काही वर्षं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर लेबल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. इंग्रजीत पूना लिहिलं असेल तर बहुधा १९७८ पूर्वीचं, बॉम्बे असेल तर १९९५ पूर्वीचं. दुकानदार जुनी छापील लेबलं संपेपर्यंत वापरत, म्हणून या खुणांना एक-दोन वर्षांचं माप ढिलं ठेवा आणि एका खुणेवर कधीच विसंबू नका.

सियालकोट हे गाव दिसलं तर थांबाच. फाळणीपूर्वी खेळाच्या सामानाचं ते मोठं केंद्र. 'सियालकोट' आणि 'इंडिया' एकत्र छापलेलं असेल तर रॅकेट १९४७ च्या आधीची. फाळणीनंतर तिथले अनेक कारखानदार आणि कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि तिथे तो धंदा पुन्हा उभा राहिला. इंग्रजी अक्षरांत जालंधरचं जुनं 'जुलंदर' असं स्पेलिंग असेल तर तीही जुनेपणाची खूण. एका लाकडी रॅकेटच्या दांडीवर दोन गावांच्या मधली ही वाट वाचता येते. अशी रॅकेट मोडकी असली तरी मी सोडत नाही.

शोधायचं कुठे

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. पण बाजारापेक्षा माणसं जास्त उपयोगी. तुमच्या भागात जुना गटिंगवाला असेल तर त्याच्याशी आधी ओळख करा. त्याच्याकडे लोकांनी गटिंगला टाकून परत न नेलेल्या रॅकेट खुंटीला लटकत असतात. शिवाय कुठली चौकट किती ताण सोसते हे त्याच्या हाताला माहीत असतं. नायलॉन येऊन इतकी वर्षं झाली, तरी आपण 'गट' आणि 'गटिंग' म्हणतो ते जनावरांच्या आतड्याची तांत लावायचे त्या दिवसांमुळे. खरी तांत भिंगाखाली किंचित पिवळट, पिळदार आणि टोकाला विसविशीत दिसते. जिथे ती शाबूत सापडेल तिथे रॅकेट घेऊनच टाका. दमट हवेत ती टिकणं कठीण, म्हणून दुर्मीळ.

जिमखान्यांचे जुने सभासद आणि कॉलेजांच्या क्रीडा विभागांची साठ्याची खोलीही विचारा. मात्र संस्थेची वस्तू घ्यायची तर लेखी परवानगीनेच.

घरोघरी विचारताना "जुनी रॅकेट विकायची आहे का?" असं विचारू नका. "तुमच्या वेळी कशाने खेळायचात?" असं विचारा. रॅकेट आपोआप माळ्यावरून खाली येते, आणि सोबत तिची गोष्टही येते.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी काहीही करू नका. चारी बाजूंनी फोटो काढा, वजन करा, लांबी-रुंदी मोजा. जुन्या रॅकेट साधारण २६ इंच, म्हणजे ६६ सेंटिमीटर असतात. आजचा नियम ६८० मिलिमीटरपर्यंत लांबी आणि २३० पर्यंत रुंदी मान्य करतो.

मग गट पाहा. लाकडी चौकटीवर काही तारा तुटलेल्या आणि काही ताणलेल्या असतील तर ताण एकीकडे ओढतो आणि चौकट पिळते. अशा वेळी उरलेल्या ताराही काढाव्यात: मधून सुरुवात करून, एक उभी, एक आडवी, असं कडेकडे कापत जा. एका बाजूने भराभर कापलात तर कापतानाच चौकट वाकते. सगळ्या तारा शाबूत आणि ढिल्या असतील तर राहू द्या.

लाकूड स्वच्छ करायला मऊ ब्रश, आणि फार तर किंचित ओलसर सुती फडकं. स्पिरिट नको, लाखेचं पॉलिश त्यात विरघळतं. थिनर नको, छापील चित्रं निघून येतात. पॉलिश पेपर तर कपाटातच राहू द्या. वाकलेली चौकट सरळ करायला मी एकदा किटलीच्या वाफेवर धरली. सरस वाफेने सुटला आणि पाच थर फुलासारखे उमलले. ती रॅकेट मी आजही ठेवली आहे. वाकलेली चौकट चापात ठेवा, फुगीर बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा द्या, आणि आठवड्याला नट पाव वळसा आवळा. दोन-तीन महिने लागतात. पूर्ण सरळ नाही झाली तरी चालेल.

लाकडाला बारीक भोकं दिसली आणि खाली पिठासारखा भुगा पडला तर ती रॅकेट ताबडतोब वेगळी करा. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आडव्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लाकडावर पाणी सुटतं.

पोलादाचा गंज अगदी बारीक पोलादी लोकरीने आणि दोन थेंब यंत्राच्या तेलाने हलक्या हाताने काढा. क्रोम सुटलेलं असेल तिथे घासू नका. ॲल्युमिनियमवरची पांढरी पूड कोरड्या फडक्याने पुसली की पुरे.

ठेवायची जागा आतल्या भिंतीची. पावसाळ्यात बाहेरची भिंत पाझरते. लाकडी रॅकेट चापात किंवा आडवी, भिंतीला टेकवून कधीच नाही. मलमलच्या पिशव्या शिवून घ्या. प्लास्टिकच्या कव्हरात ओल कोंडते, म्हणून कव्हर वेगळं ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा सगळं बाहेर काढून पाहा. कार्बनच्या रॅकेट उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नका.

नोंदवही

प्रत्येक रॅकेटला सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा आणि वहीत तोच क्रमांक लिहा: साहित्य, वजन, मापं, लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, कुठून आली, कोण खेळायचं, कुठे खेळायचं. माणसाने सांगितलेलं आणि रॅकेटवर दिसलेलं वेगवेगळ्या रकान्यात ठेवा. वीस वर्षांनी ही वही ज्याच्या हातात पडेल त्याला हा फरक लागणार आहे.

आणि जुनी चामडी ग्रिप बदलू नका, कितीही काळी झाली असली तरी. आत्याच्या रॅकेटची नोंद करताना मी मूठ भिंगाखाली धरली होती. रुंद बाजूवर, अंगठा बॅकहँडला जिथे टेकतो तिथे, चामडं झिजून खोलगट झालं होतं. आत्याला दाखवलं. तिने मूठ हातात घेतली, आणि तिचा अंगठा बरोबर त्या खळग्यात जाऊन बसला. वहीत तिच्या नावापुढे मी तेवढं एकच वाक्य लिहिलं आहे.